माशाचा अंगरखा



वसंतातल्या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांना भारदस्त विषयांची सवय असते. राज्यघटना, संतवाङ्मय, अर्थकारण असे विषय फळ्यावर वाचावेत आणि सायंकाळी उपरणे सावरत सभास्थानी यावे, हा आपला शिरस्ता. आज फळ्यावर ‘फिश अँड चिप्सचे पीठ घरी कसे भिजवावे’ असे वाचून काहींनी ते दोनदा वाचले असेल. हा विषय स्वयंपाकघरातला, तो व्यासपीठावर कशाला, असेही कोणाच्या मनात आले असेल.

माझे उत्तर सोपे आहे. पीठ, पाणी, मासा आणि तेल ह्या चार गोष्टींत जितके रसायनशास्त्र आहे आणि जितका इतिहास आहे, तितका एखाद्या जाड ग्रंथातही सहसा सापडत नाही. शाकाहारी मंडळींनीही चुळबुळ करू नये. आज मी माशाविषयी थोडे आणि पिठाविषयी फार बोलणार आहे. आणि पिठाचे शास्त्र मुगाच्या आणि कांद्याच्या भज्यालाही सोडीत नाही.

प्रथम हा पदार्थ काय तो सांगतो. कॉड किंवा हॅडॉक ह्या थंड समुद्रातल्या माशाचा काटे काढलेला मोठा तुकडा सैलसर पिठात बुडवून भरपूर तेलात किंवा जनावराच्या चरबीत तळायचा, त्याच्याबरोबर बटाट्याचे बोटभर जाडीचे तळलेले तुकडे घ्यायचे, वर मीठ आणि माल्टचा शिरका शिंपडायचा, की झाले फिश अँड चिप्स. पूर्वी तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून देत. ती चाल पुढे आरोग्याच्या कारणाने बंद पडली. यॉर्कशायरमध्ये अजूनही पुष्कळ ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात, इतरत्र वनस्पतिजन्य तेलात. ज्यांना पथ्य पाळायचे आहे त्यांनी तिकडे गेल्यावर दुकानात हा प्रश्न आधी विचारावा.

इंग्रज ह्याला आपला राष्ट्रीय पदार्थ म्हणतो. पण ह्या राष्ट्रीय पदार्थाची कुंडली मांडायला बसलो तर मोठी गंमत दिसते. ह्यातला बटाटा दक्षिण अमेरिकेचा. आपणही त्याला जे नाव दिले ते पोर्तुगीजांकडून घेतलेले आहे. आणि तळलेला मासा? तो ज्यूंचा. १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकलून लावले, पाच वर्षांनी पोर्तुगालमध्येही त्यांच्यावर तीच पाळी आली. ह्या लोकांपैकी काही कुटुंबे पुढे इंग्लंडात येऊन राहिली. १६५६ नंतर त्यांना तेथे उघडपणे राहता येऊ लागले. त्यांनी घरदार सोडले, पण मासा तळण्याची रीत बरोबर आणली.

ही रीत त्यांना का लागत होती, हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला फार कष्ट पडणार नाहीत. आपल्या कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. तोच हा शनिवार, तोच सब्बाथ. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मासा पिठात घोळवून तेलात तळून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी गार खायचा. पिठाच्या कवचात तो सुकत नसे आणि चवीलाही टिकत असे. म्हणजे पाहा, पिठाचे आवरण मुळात चैनीसाठी आले नाही, रक्षणासाठी आले. आपल्याकडे ‘अंगरखा’ हा शब्द आहे. अंगाचे रक्षण करतो तो अंगरखा. माशावरचे पीठ हा माशाचा अंगरखा आहे, ही एक गोष्ट मनात ठेवली तर पुढचे सारे आपोआप उलगडत जाईल.

१८५४ साली अलेक्सिस सोये ह्या नामांकित आचाऱ्याने गरिबांसाठी जे पाकपुस्तक काढले, त्यात ज्यू पद्धतीच्या तळलेल्या माशाची कृती आहे. त्याच्याही आधी, डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये तळलेल्या माशाच्या दुकानाचा उल्लेख आला आहे. मासा आणि बटाटा ह्यांचे लग्न कोणी लावले ह्यावर मात्र वाद आहे. लंडनकर म्हणतात, १८६० च्या सुमारास जोसेफ मॅलिन ह्या ज्यू गृहस्थाने. लँकेशायरवाले म्हणतात, १८६३ च्या सुमारास मॉस्लीच्या बाजारात जॉन लीस ह्याने. हा वाद मिटलेला नाही आणि मिटावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाही. लग्न मात्र टिकले. वाफेवर चालणाऱ्या मासेमारी बोटी आल्या, आगगाड्या आल्या, ग्रिम्सबी आणि हल ह्या बंदरांतला मासा एका रात्रीत गिरणगावांत पोचू लागला.

असो. आता चुलीपाशी येऊ.

पहिला प्रश्न: मासा तळतो कोण? आपण म्हणतो ‘मासा तळला’. खरे पाहता चांगल्या फिश अँड चिप्समध्ये मासा तळलाच जात नाही. तेल १८० अंश सेल्सिअसवर असते. माशाच्या अंगात पाणी भरपूर, आणि पाणी जोवर आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. माशाचे मांस तर ६० अंशांच्या आसपासच शिजून पाकळ्या सुटू लागते. म्हणजे बाहेर १८० आणि आत ६० पुरे, अशी ही स्थिती. ह्या दोहोंच्या मध्ये भिंत हवी. ती भिंत म्हणजे पीठ. तळले जाते ते पीठ. मासा आत आपल्याच वाफेवर शिजतो. आपल्याकडे पानगी केळीच्या पानात भाजतात. पान करपते, पण आतली पानगी मऊ राहते. पान खायचे नसते आणि हे पीठ खायचे असते, एवढाच काय तो फरक.

दुसरा प्रश्न: हे पीठ कसले? येथे आपल्या सुगरणींनी सावध व्हावे, कारण ज्यांचा हात भज्यावर उत्तम बसला आहे त्यांचीच येथे फसगत होण्याचा संभव अधिक. भज्याचे पीठ आपण कसे करतो? बेसन घेतो, पाणी घालतो आणि चांगले फेटतो. जितके फेटावे तितके भजे हलके, हा आपला अनुभव, आणि तो खरा आहे. पण फिश अँड चिप्सचे पीठ गव्हाचे, म्हणजे मैद्याचे असते. गव्हाच्या पिठातली प्रथिने अशी आहेत की त्यांची पाण्याशी गाठ पडली आणि वर हात चालला, की त्यांचे लांब लवचिक धागे होऊन जाळे विणले जाते. ह्या जाळ्याला ग्लुटेन म्हणतात. बेसनात हे जाळे होत नाही, म्हणून बेसन फेटले तर आत नुसती हवा शिरते. मैदा फेटला तर हवेबरोबर चिवटपणाही येतो.

हा गुण आपल्या ओळखीचा आहे. पुरणपोळीची कणीक आपण तेलपाणी लावून तिंबतो, ती कशासाठी? पोळी लाटताना ताणली जावी आणि पुरण बाहेर येऊ नये म्हणून. तेथे हा गुण हवा असतो. अंगरख्यात तोच दुर्गुण ठरतो. ताणणारे पीठ तळल्यावर कुरकुरीत होत नाही, वातड होते, दातांखाली चामड्यासारखे ओढले जाते. म्हणून नियम असा की बेसन फेटावे, मैदा फेटू नये. पाणी घालून चार-सहा वेळा चमचा फिरवावा आणि थांबावे. लहानसहान गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात. तेलात त्यांची कोणी दखल घेत नाही.

ह्या जाळ्याला आवरण्याचे आणखी दोन उपाय आहेत. एक, मैद्यात थोडे तांदळाचे पीठ मिसळावे. त्यात ग्लुटेन होत नाही, म्हणून कवच ठिसूळ होते आणि कुरकुरीतपणा अधिक वेळ टिकतो. कोकणात मासा तांदळाच्या पिठात घोळवतात तो काही उगीच नव्हे. दुसरा उपाय, पाणी बर्फासारखे गार घ्यावे. गार पाण्यात जाळे सावकाश विणले जाते.

तिसरा प्रश्न: कवच हलके कसे व्हावे? त्यासाठी पिठात वायू हवा. जुने दुकानदार नुसते मैदा-पाणी घेत आणि त्यात खायचा सोडा व थोडा शिरका घालीत. सोडा आणि आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. बेकिंग पावडरीत हाच सोडा आणि आम्लधर्मी क्षार एकत्र बांधलेले असतात. सोडा हात सैल सोडून घालू नये. तो जास्त झाला की चव साबणासारखी लागते, रंग लवकर काळवंडतो आणि पीठ तेल पिते, हे भजी करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. इंग्लंडात पुष्कळ जण पाण्याऐवजी बिअर घालतात. ह्यात शौकापेक्षा शास्त्र अधिक आहे. तिच्यात वायू विरघळलेला असतो, तिचा फेस बुडबुडे धरून ठेवतो, तिच्यातले मद्य पाण्याच्या आधी उडून जाऊ लागल्याने कवच लवकर सुकते, आणि तिच्यातल्या शर्करेने रंग चांगला येतो. मद्य संपूर्ण उडून जाते असे मात्र कोणी समजू नये. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांच्यासाठी थंडगार सोडावॉटर आहे. त्यातला वायू तोच. रंग थोडा फिका येईल, तर चिमूटभर हळद घालावी.

आता प्रमाण सांगतो. ज्यांनी कागद-पेन्सिल आणली असेल त्यांनी लिहून घ्यावे. चार माणसांसाठी, दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमचा एक असे माशाचे चार तुकडे. मैदा २०० ग्रॅम, तांदळाचे पीठ ५० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे, मीठ एक चहाचा चमचा. हे सारे कोरडेच एकत्र चाळून ठेवावे. सोडावॉटर सुमारे ३०० मिलिलिटर, बर्फात ठेवलेले. ते एकदम ओतू नये. पीठ पिठासारखे नसते, एक मैदा जास्त पाणी घेतो, दुसरा कमी. चमचा बुडवून वर काढला की त्याच्या पाठीवर साईसारखा थर राहावा आणि बाकीचे अखंड धारेने खाली पडावे, इतके सैल. आणि हे सर्व तेल तापत आल्यावर करावे. आधी भिजवून ठेवाल तर वायू निघून जाईल आणि जाळे विणले जाईल, दोन्हीकडून नुकसान.

मासा कोणता घ्यावा? तेथे कॉड किंवा हॅडॉक. आपल्याकडे करायचे असेल तर पांढऱ्या, घट्ट मांसाचा आणि काटे काढता येतील असा मासा घ्यावा: रावस, घोळ, जिताडा. बोंबील ह्या कामाचा नाही. त्याच्या अंगात इतके पाणी की अंगरखा आतूनच भिजतो. तुकडे फार जाड नकोत, दोन सेंटिमीटरच्या आसपास पुरेत. त्यांना थोडे मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावे, सुटलेले पाणी टिपून घ्यावे, आणि पिठात बुडवण्यापूर्वी कोरडा मैदा चोळून झटकून टाकावा. ओल्या माशावर पीठ बसत नाही. तळताना सुटते आणि मासा एकीकडे, कवच दुसरीकडे, असा प्रकार होतो.

तेल १८० अंश. तापमापक नसेल तर पिठाचा थेंब टाकून पाहावा. तो तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे. किंचित बुडून लगेच तडतडत वर आला तर बरोबर. पडताक्षणी काळवंडला तर तेल फार तापले आहे. तुकडा शेपटीकडून धरावा, आपल्यापासून दूर अशा दिशेने हळूहळू तेलात सोडावा, आणि अर्धा गेल्यावर क्षणभर धरून मग सोडून द्यावा, म्हणजे खालचे पीठ आवळते आणि कढईच्या तळाला चिकटत नाही. एका वेळी दोनच तुकडे. चारही एकदम टाकले तर तेल निवते. ते निवले की वाफेचा जोर मंदावतो. हा वाफेचा जोरच तेलाला बाहेर थोपवून धरीत असतो.

पाच ते सात मिनिटांत तुकडा सोनेरी होतो आणि बुडबुडे कमी होतात. बुडबुडे कमी होणे म्हणजे पिठातले पाणी संपत आल्याची खूण. मग झाऱ्याने काढून जाळीवर ठेवावा. ताटात ठेवू नये, झाकू तर मुळीच नये. पदार्थात तेल शिरते ते पुष्कळसे कढईतून काढल्यानंतर. आतली वाफ निवते, आकसते आणि वरचे तेल आत ओढते. म्हणून गरम असतानाच तेल निथळू द्यावे. झाकलेल्या ताटलीत वाफ कोंडली की जो अंगरखा १८० अंशांना हटला नाही तो पाच मिनिटांत लिबलिबीत होतो.

चिप्सचे थोडक्यात सांगतो. बटाटा पिठूळ हवा. तिकडे १९६६ साली आलेली मॅरिस पायपर ही जात ह्या कामी फार नावाजलेली आहे. बोटभर जाड कापावे, वरचा स्टार्च जाईपर्यंत पाण्यात धुवावे, पूर्ण कोरडे करावे. मग दोनदा तळावे. पहिल्यांदा १३० ते १४० अंशांवर, रंग न येता आत शिजेपर्यंत. मग निवू द्यावे. आणि वाढण्यापूर्वी १८० ते १९० अंशांवर रंग येईपर्यंत. एकाच तळणीत दोन्ही साधू म्हणाल तर बाहेर करपेल आणि आत कच्चे राहील. चिप्सचे पहिले तळण माशाच्या आधी उरकावे.

आता एक गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही, म्हणून आवाज थोडा चढवून सांगतो. इंग्लंडात घरोघरी चिप्स तळण्याच्या पातेल्यांनी इतक्या आगी लावल्या की १९७० च्या दशकात तेथील सरकारला लोकांना शिकवण्यासाठी छोटे चित्रपट काढावे लागले. पातेले तेलाने एक-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. तेल चुलीवर ठेवून दारावर कोण आले ते पाहायला जाऊ नये. तेलातून धूर निघू लागला तर आच बंद करावी. आणि तेलाने पेट घेतलाच तर पाणी कदापि ओतू नये. पाणी तेलापेक्षा जड. ते खाली जाते, तेथे क्षणार्धात त्याची वाफ होते, आणि ती वाफ पेटते तेल छतापर्यंत उडवते. पातेले उचलून बाहेर न्यायलाही जाऊ नये. हात पोचत असेल तर गॅस बंद करावा, घरातली माणसे बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावे आणि अग्निशामक दलाला बोलवावे. स्वयंपाकघर पुन्हा बांधता येते.

शेवटी ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. ह्या पदार्थाकडे तिकडच्या शिष्ट समाजाने फार दिवस नाक मुरडून पाहिले. वासाचा उपद्रव म्हणून मासे तळण्याचा धंदा ‘त्रासदायक धंद्यां’च्या यादीत होता, आणि त्या यादीतून त्याचे नाव १९४० साली निघाले. गिरणीत जाणाऱ्या बायका घरी रांधत नाहीत, दुकानातून तळलेले आणतात, म्हणजे आळशी, असेही बोलले गेले. दहा-दहा तास मागावर उभ्या राहणाऱ्या बाईला आळशी म्हणायला मोठे धाडस लागते. ते पोट भरलेल्यांजवळ असते. १९३७ साली जॉर्ज ऑर्वेलने इंग्लंडातल्या बेकारांविषयी जे पुस्तक लिहिले, त्यात गरिबांना तग धरायला लावणाऱ्या स्वस्त सुखांत त्याने हा पदार्थ गणला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात लोणी, साखर, मांस यांचे रेशनिंग झाले. फिश अँड चिप्सला मात्र सरकारने हात लावला नाही. कालपर्यंत ज्याला नाक मुरडले, तेच राष्ट्राचे मनोधैर्य टिकवायला कामी आले.

आज तेथे अशी सुमारे दहा हजार दुकाने आहेत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती पस्तीस हजारांच्या घरात होती. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर सूर्यफुलाचे तेल, मासा, गॅस सारेच महागले आणि दुकानदारांची ओढाताण झाली. गरिबाचा पदार्थ गरिबाला परवडेनासा होऊ लागला, की तो घरी करता येणे ह्याला किंमत येते. आपली कितीतरी मुले-मुली त्या देशात राहतात. त्यांनी तेथे हा पदार्थ जरूर करावा, पण पाकिटातले तयार पीठ घोळून नव्हे. हात का थांबवायचा, पाणी गार का घ्यायचे, जाळीवर का ठेवायचे, हे समजून करावा. कृती पाठ असेल तर माणूस एक पदार्थ करतो. कारण कळले असेल तर मैदा बदलला, मासा बदलला, देश बदलला तरी त्याचे अडत नाही.

देशोधडीला लागलेल्या माणसांनी आपला शनिवार पाळण्यासाठी जपलेली ही रीत, तिला सातासमुद्रापलीकडचा बटाटा मिळाला, आणि त्यातून एका बलाढ्य राष्ट्राला आपला म्हणून मिरवायला एक पदार्थ लाभला. अमके अन्न आमचे आणि तमके परक्यांचे, असे कोणी आवेशाने सांगू लागला तर त्याला ही हकीकत ऐकवावी. आणि ऐकवताना त्याच्यापुढे बटाट्याच्या भज्यांची ताटली ठेवावी.